द सोशल नेटवर्क की ब्लॅकबेरी: कॉलेजच्या हॉलमध्ये कोणता लावावा?

जळगाव, धुळे, भुसावळ, शिरपूर, कुठलंही इंजिनीअरिंग किंवा बीसीएचं कॉलेज घ्या. उद्योजकता कक्षाच्या वाट्याला वर्षातून एखादी संध्याकाळ येते. हॉल, प्रोजेक्टर, ऐंशी-शंभर पोरं-पोरी आणि एकच चित्रपट. ‘कंपनी कशी उभी राहते ते दिसेल असं काहीतरी लावा’ एवढीच सूचना असते. यादी फिरून फिरून दोन नावांवर येऊन थांबते: डेव्हिड फिंचरचा २०१० चा ‘द सोशल नेटवर्क’ आणि मॅट जॉन्सनचा २०२३ चा ‘ब्लॅकबेरी’. एकात फेसबुक, दुसऱ्यात ब्लॅकबेरी फोन बनवणारी, कॅनडातल्या वॉटर्लूची रिसर्च इन मोशन. दोन्ही साधारण दोन तासांचे, दोन्ही खऱ्या घटनांवरच्या पुस्तकांवरून केलेले, आणि दोन्हींत धंदा वाढतो तशी दोस्ती तुटत जाते. गोष्टी साधारण ठाऊक आहेत असं धरून लिहितोय. शेवटही सांगितलेत, कारण निवड करणाऱ्याला ते आधी माहीत हवेत.

बाकीची नावं लवकर गळतात. ‘स्टीव्ह जॉब्ज’ (२०१५) हा १९८४, १९८८ आणि १९९८ अशा तीन अनावरणांच्या आधीचा काही वेळ दाखवतो. अप्रतिम आहे, पण त्यात कंपनी उभी राहत नाही, उभ्या कंपनीतली माणसं भांडतात. २०१३ चा ‘जॉब्स’ बघून झाल्यावर बोलायला फारसं उरत नाही. १९९९ चा ‘पायरेट्स ऑफ सिलिकॉन व्हॅली’ टीव्हीसाठी केलेला आहे, भाषा सोपी, गेट्स आणि जॉब्ज दोघंही एकाच ठिकाणी. हाताशी चांगली प्रत असेल तर तोही वाईट नाही. मोठ्या पडद्यावर मात्र त्याचं वय दिसतं.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. चित्रपट म्हणून ‘द सोशल नेटवर्क’ वरचढ आहे. पटकथा, संकलन आणि संगीत या तिन्हींची ऑस्कर त्याला मिळाली आणि तिन्ही रास्त होती. फेसबुकवाल्या मार्क झुकरबर्गवरच्या दोन खटल्यांच्या जबान्या आणि मूळ घटना यांची वीण अशी घट्ट आहे की एक धागा ओढला तर दुसरा हलतो. एकट्याने, कानाला हेडफोन लावून, लॅपटॉपवर बघणाऱ्याने कोणता बघावा असं विचारलं तर उत्तर द्यायला क्षणही लागू नये. पण हॉलचा हिशेब वेगळा असतो. तिथे शेवटच्या रांगेतल्या पोरापर्यंत काय पोचतं ते बघावं लागतं.

आणि तिथे तो अडतो. सबटायटलवर.

ॲरन सॉर्किनची ही पटकथा १६२ पानांची होती. सर्वसाधारण हिशेब एका पानाला एक मिनिट असा धरतात. म्हणजे पावणेतीन तासांचा ऐवज दोन तासांत बसवलेला आहे. तो कापून नाही बसवला, माणसांना भरभर बोलायला लावून बसवला. पहिलंच दृश्य घ्या. बारमध्ये मार्क आणि त्याची मैत्रीण एरिका समोरासमोर बसलेत. तो चीनमधल्या हुशार मुलांवरून बोलायला लागतो, तिथून हार्वर्डच्या क्लबांवर जातो, मधेच मागच्या मुद्द्याला उत्तर देतो, ती त्याच्या आधीच्या वाक्याला उत्तर देत असते तेव्हा तो दोन वाक्यं पुढे गेलेला असतो. हे दृश्य ९९ वेळा घेतलं होतं म्हणतात ते पटतं, इतकं ते चपखल बसलंय. आता हेच पडद्याच्या खालच्या पट्टीत बघा. दोन ओळी, प्रत्येकीच्या आधी आडवी रेघ, वरची त्याची, खालची तिची. डोळा वरची ओळ संपवून खालच्या ओळीच्या मध्यावर येतो आणि पट्टी बदलते. पुढच्या पट्टीत वरची ओळ तिची असते. दोन-तीनदा असं झालं की कोण काय बोललं याचा मेळच लागत नाही.

सबटायटल करणाऱ्यांचा नियम साधारण असा: एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत ४२ च्या आसपास अक्षरं, आणि सरावाच्या प्रेक्षकासाठी सेकंदाला १७ ते २० अक्षरं. भरलेल्या दोन ओळी म्हणजे ८४ अक्षरं. ती चार-पाच सेकंद टिकतात. ज्याच्या घरात अहिराणी, शाळा मराठीतून आणि इंग्रजी पुस्तकातली, अशा हुशार पोरालासुद्धा त्या ओळींना सात-आठ सेकंद लागतात. हे घड्याळ लावून मोजलेलं नाही, पडद्याकडे पाठ करून पोरांच्या चेहऱ्यांकडे बघत काढलेला अंदाज आहे. पण तो फार चुकत नसावा. कारण पाचव्या मिनिटाला ठरल्यासारखी कुजबुज सुरू होते: ‘काय बोलना तो?’ शेजारचा सांगायला लागतो, तोवर सांगणाऱ्याचंही पुढचं सुटतं. विसाव्या मिनिटाला मागच्या तीन रांगांतल्या मोबाइलचे उजेड दिसू लागतात. त्यात पोरांचा दोष नाही. दोन तास न थांबता परभाषेत भरभर वाचणं ही मेहनत आहे, आणि मेहनतीने दमलेला माणूस चित्रपट बघत नाही.

त्याहून वाईट म्हणजे जे नेटाने वाचतात त्यांचे डोळे खालीच अडकतात. फिंचरची सगळी करामत वर चेहऱ्यावर चाललेली असते: मार्कची नजर कधी टेबलावर, कधी खिडकीबाहेर, त्याचा मित्र आणि भागीदार एदुआर्दोचा आवळलेला जबडा. ते कुणी बघतच नाही.

यावर उपाय करून बघता येतात, आणि करायला हवेतच. व्हीएलसी या प्लेअरमध्ये वेग ०.९ वर आणता येतो. पाच सेकंद टिकणारी पट्टी साडेपाच सेकंद टिकते, चित्रपट तेरा-चौदा मिनिटांनी लांबतो, आवाज फार बिघडत नाही. पण लागतात सात-आठ, मिळतात साडेपाच. ०.८ वर गेलात तर माणसं गुंगी आल्यासारखी बोलतात. दुसरा उपाय मराठी सबटायटल स्वतः करायचा. सबटायटल एडिट हे मोफत सॉफ्टवेअर त्याला पुरतं. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करायची, नाहीतर पडद्यावर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. ओळी सरकल्या तर विंडोजवरच्या व्हीएलसीत जी आणि एच या कळांनी मागेपुढे घ्यायच्या. इथपर्यंत सगळं जमतं. अडचण मजकुराची आहे. वाचता येईल इतकी ओळ करायची म्हणजे बोलण्यातला निम्मा भाग गाळायचा. एरवी हे चालतं, पण मार्कच्या बाबतीत चालत नाही. हा माणूस समोरच्याला बोलूच देत नाही, तीन विषय एकदम चालवतो, आणि त्याच्या या बोलण्यापायीच मैत्रीण त्याला सोडून जाते. त्याचं बोलणं थोडक्यात आवरलं की पडद्यावर एक शांत, समंजस पोरगा उरतो आणि ती का उठून गेली ते कळतच नाही. वेग हाच त्याचा स्वभाव आहे. तो कापला तर मार्कच उरत नाही.

निवड खरं तर इथेच ठरते. बाकीच्या गोष्टी पारड्यात नंतर पडतात.

उदाहरणार्थ, अंधार. फिंचरचं चित्रण पिवळट-तपकिरी, कमी उजेडाचं. वसतिगृहाच्या खोल्या, रात्रीचे रस्ते. कॉलेजच्या हॉलमध्ये खिडक्यांना पडदे अर्धेच असतात, दाराच्या फटीतून ट्यूबलाइट येते, प्रोजेक्टर तीनेक हजार ल्यूमेनचा. त्यात हे चेहरे चिखलासारखे दिसतात. ‘ब्लॅकबेरी’ बहुतेक ऑफिसात, ट्यूबलाइटखाली घडतो; थोडा उजेड आत आला तरी टिकून राहतो. मार्च उजाडला की आपल्याकडे साडेसहाला अजून ऊन असतं, त्यामुळे कुठलाही चित्रपट साडेसातच्या आत सुरू करू नये, पण ‘द सोशल नेटवर्क’ तर नक्कीच नको.

आणि कूलर. खान्देशात मार्चपासून जूनपर्यंत हॉलमध्ये कूलर लावल्याशिवाय शंभर माणसं दोन तास बसणार नाहीत. चार मोठे कूलर घरघरायला लागले की पहिल्या दृश्यातला बारचा गलबला, त्यावरचं बोलणं आणि कूलर यांचं एकच पीठ होतं. ज्यांना कानाने थोडंफार इंग्रजी कळलं असतं त्यांचाही आधार जातो, आणि सगळा भार पुन्हा खालच्या पट्टीवर येतो.

आता ‘ब्लॅकबेरी’ कसा सुरू होतो ते बघा. १९९६ साल. रिसर्च इन मोशनचे माइक लाझारिडिस आणि डग फ्रेगिन एका बड्या ऑफिसात जिम बाल्सिलीला आपली कल्पना ऐकवायला आलेत; हाच जिम पुढे त्यांच्या कंपनीत येतो. तो अजून यायचाय. टेबलावर इंटरकॉम आहे आणि त्यातून बारीक खरखर येतेय. दुसऱ्या कुणाला ती ऐकूही येत नाही. माइकला सहन होत नाही. वस्तू चीनमध्ये बनलेली आहे हे तो उलटी करून बघतो आणि बैठक तोंडावर आलेली असताना ती उघडून दुरुस्त करतो.

या दृश्याला सबटायटल नसलं तरी चालतं. ज्याच्या घरी रात्रीची लाइट आल्यावर वडील बॅटरी घेऊन मळ्यात जातात आणि स्टार्टरच्या नुसत्या गुणगुणण्यावरून कोणता फेज गेलाय ते ओळखतात, त्याला माइक कोण आहे ते कुणी समजावून सांगायला नको. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यातलं पोर असो की भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधलं, हा माणूस त्याने पाहिलेला असतो. वस्तू बिघडलेली असणं ज्याला अंगाला टोचतं, असा माणूस. पहिल्या पाच मिनिटांत हॉल शांत होतो. तिकडची शांतता पट्टीमागे पळत वाचणाऱ्यांची असते. इथे सगळे पडद्याकडे बघत असतात.

पुढेही तसंच. मोठ्या टेलिफोन कंपनीपुढे नमुना दाखवायचाय आणि नमुना तर नाहीच. मग एका रात्रीत दुकानातून आणलेली उपकरणं फोडून, त्यांचे भाग जोडून तो उभा करतात. तारा, डागणी, पत्र्याचे तुकडे, सगळं डोळ्यांसमोर. दुसऱ्या दिवशी माइक तोच नमुना टॅक्सीत विसरतो. हेही वाचावं लागत नाही. मग बैठकीतला मुद्दा, की असा फोन आधी कुणाला का जमला नाही: प्रत्येक उपकरण हवेतून सतत डेटा मागत राहिलं तर नेटवर्क गुदमरतं, आणि यांच्या यंत्राला अगदी थोडा डेटा पुरतो. कॉम्प्युटर नेटवर्कचा एक तास शिकलेल्या पोराला हे लगेच कळतं, आणि आपल्या अभ्यासक्रमातला धडा एवढ्या पैशांचा असू शकतो हेही. पुढे कंपनी गिळायला दुसरी कंपनी टपते, आपली कंपनी तिला परवडू नये म्हणून जिम भरमसाट फोन विकायला लावतो आणि त्या फोनांच्या ओझ्याने नेटवर्क कोसळतं. विक्रीचा निर्णय आणि यंत्राची मर्यादा एकमेकांवर कशा आदळतात हे इतकं उघडं दाखवणारं दुसरं उदाहरण शोधून सापडायचं नाही.

‘द सोशल नेटवर्क’मध्ये बनवण्याचं काम असं दिसत नाही असं म्हणता येणार नाही, मुलींच्या फोटोंची तुलना करणारी फेसमॅश ही साइट मार्क बनवतो ती रात्र आहे. प्रत्येक वसतिगृहाच्या साइटवरून फोटो कसे उचलायचे, कुठे एकच पान उघडं आहे, कुठे एकेक शोध घ्यावा लागतो, हे मार्क बोलत जातो आणि ते तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. डब्ल्यूगेट, पर्लची स्क्रिप्ट, ईमॅक्स ही नावं ऐकून संगणकाच्या पोरांचे कान टवकारतात. पण ती सात-आठ मिनिटं. त्यानंतर काम मागे पडतं आणि उरतो तो वाद: कल्पना कुणाची, पैसे कुणाचे, सह्या कुणी केल्या. चित्रपट संपल्यावर चर्चेला बसलात तर पहिला प्रश्न ‘मग चोरी केली की नाही?’ असाच येतो आणि तासभर त्याच्यावरच जातो. ‘ब्लॅकबेरी’नंतरचा पहिला प्रश्न बहुधा ‘त्यांनी टचस्क्रीन आधीच का नाही केला?’ असा असतो. उद्योजकता कक्षाच्या कार्यक्रमाला दुसरा प्रश्न जास्त उपयोगाचा, असं नम्रपणे वाटतं.

‘ब्लॅकबेरी’चे दोष लपवण्यात अर्थ नाही. सगळ्यात मोठा कॅमेऱ्याचा. तो हातात धरलेला आहे, दुरून टिपल्यासारखा, सतत किंचित हलणारा, मधेच झपकन जवळ जाणारा. लॅपटॉपवर ते लक्षातही येत नाही. आठ फुटी पडद्यावर, पहिल्या रांगेत बसलेल्याला अर्ध्या तासात मळमळायला लागतं. याचा इलाज खुर्च्यांनी होतो. पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतर पुढे मोकळं सोडायचं. आठ फुटी पडदा असेल तर बारा फूट. पुढच्या तीन-चार रांगा सरळ उचलून ठेवायच्या, कारण रिकाम्या ठेवल्या तर उशिरा येणारे तिथेच बसतात. एवढ्याने भागलं नाही तर प्रोजेक्टर थोडा पुढे घेऊन चित्र सहा-सात फुटांचं करायचं. दोन्ही चित्रपटांतला फरक इथेच आहे: याचा त्रास खुर्च्या हलवून कमी होतो, त्याचा होत नाही.

दुसरं, शिव्या. ग्लेन हॉवर्टनने रंगवलेला जिम बाल्सिली ओरडतो, फोन आपटतो आणि इंग्रजीतल्या ठेवणीतल्या शिव्या देतो. प्राचार्यांना आणि सोबत बसणाऱ्या मॅडमना आधी सांगून ठेवा, आधी सांगितलं की कुणी काही म्हणत नाही. मधेच धक्का बसला तर पुढच्या वर्षीची संध्याकाळ जाते. ‘द सोशल नेटवर्क’मध्ये शिव्या कमी आहेत, पण पार्ट्या आहेत, नशा आहे आणि मुलींना शोभेच्या वस्तूसारखं वागवणं आहे. कंपनीची कामं वाटली जात असताना सोबतच्या दोघी विचारतात, आम्ही काही करू का, आणि उत्तर येतं, नाही. निम्मा हॉल मुलींचा असताना ते दृश्य नुसतं सरकून जाऊ देऊ नये, चर्चेत घ्यावं. ‘ब्लॅकबेरी’त मुलींचा अपमान नाही, पण मुलीच जवळजवळ नाहीत. दोन्हींत ही उणीव राहतेच.

तिसरं, इतिहास. कंपनी प्रत्यक्षात १९८४ साली सुरू झाली आणि बाल्सिली १९९२ मध्ये आला. चित्रपटाने ती भेट १९९६ वर आणून ठेवलीय. डगचं काम दिग्दर्शकाने स्वतः केलंय आणि डगचा डोक्याला पट्टी बांधलेला, खेळकर अवतार बराचसा दिग्दर्शकानेच रचलेला आहे. पण ठरलेल्या भावात शेअर घेण्याचा हक्क (ऑप्शन) देताना कागदावर मागच्या तारखा घालण्याचं प्रकरण खरं आहे, त्याची नियामकांशी तडजोड २००९ मध्ये झाली. ‘द सोशल नेटवर्क’ही इतिहासाच्या कसोटीला पूर्ण उतरत नाही: जिच्यासाठी हे सगळं घडलं असं सुचवलंय ती एरिका कल्पित आहे. कार्यक्रमाच्या सुरुवातीला दोन वाक्यांत हे सांगितलं की पुरे.

एका गटासाठी मात्र पारडं उलटं फिरतं. बीकॉम, बीबीएचे विद्यार्थी असतील, किंवा कार्यक्रम अमळनेरला असेल, तर ‘द सोशल नेटवर्क’चा विचार करा. अमळनेरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. १९४५ साली तिथे वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून सुरू झालेली कंपनी पुढे विप्रो झाली, १९६६ मध्ये वडील गेल्यावर अझीम प्रेमजी एकविसाव्या वर्षी स्टॅनफर्ड सोडून आले, आणि गावातल्या कित्येक घरांनी जुने शेअर जपून ठेवले. त्या घरांतल्या पोरांना बोनस शेअर म्हणजे काय ते लहानपणापासून माहीत असतं: संख्या वाढते, सगळ्यांची सारख्या प्रमाणात वाढते, म्हणून कंपनीतला हिस्सा तेवढाच राहतो. एदुआर्दोच्या बाबतीत याच्या नेमकं उलट होतं. नवे शेअर निघतात, ते दुसऱ्यांना जातात, त्याची संख्या तीच राहते आणि हिस्सा वितळतो. जबानीच्या त्या दृश्यात वकील एकेकाचं नाव घेऊन विचारते, याचा हिस्सा किती कमी झाला? झाला नाही. याचा? झाला नाही. शेवटी, तुमचा? ०.०३ टक्के. एकेक प्रश्न, एकेक उत्तर, मध्ये थांबे. अख्ख्या चित्रपटातलं हे बहुधा सगळ्यात सावकाश वाचता येणारं दृश्य आहे, आणि सगळ्यात जास्त लागणारंही.

त्याचं गणित फळ्यावर जरूर करून घ्या. चित्रपटात एदुआर्दोकडे १३,२८,३३४ शेअर आणि ३४.४ टक्के हिस्सा आहे, म्हणजे एकूण शेअर सुमारे ३८ लाख ६१ हजार. तेच १३,२८,३३४ शेअर ०.०३ टक्के व्हायचे तर एकूण संख्या सुमारे ४४२ कोटी ७८ लाख हवी. म्हणजे केवळ नवे शेअर काढून हे साधायचं तर एकूण संख्या जवळजवळ ११४७ पट करावी लागेल. पोरांनी हे स्वतः काढलं की दोन गोष्टी एकदम कळतात: हिस्सा कसा वितळतो, आणि पडद्यावरचा आकडा नाट्यासाठी किती ताणला जाऊ शकतो. मग सांगायचं की पुढे तडजोड झाली आणि संस्थापक म्हणून त्याचं नाव परत लागलं. हे एवढं दृश्य आणि त्याच्या आधीचं लॅपटॉप आपटण्याचं दृश्य वेगळं काढून वर्गात एका तासिकेत दाखवता येतं. त्यासाठी अख्खी संध्याकाळ लागत नाही. ‘ब्लॅकबेरी’चं तसं नाही, तो तुकड्यांनी दाखवला तर शेवट लागत नाही, कारण शेवट हा सुरुवातीचा पडसाद आहे. वेळेचीच अडचण असेल तर त्याची तीन भागांची, थोडी वाढवलेली मालिकाही निघाली आहे. ती प्रत मिळाली तर तीन शनिवार एकेक भाग आणि मागून अर्धा तास बोलणं, हा सगळ्यात चांगला क्रम वाटतो.

ठरलं की काही गोष्टी आदल्या दिवशीच बघून घ्या. परवानगीचं म्हणाल तर कॉपीराइट कायद्यात शिक्षणसंस्थेच्या कार्यक्रमासाठी सवलत आहे, पण प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित लोक एवढेच असले पाहिजेत. गावाला खुलं आमंत्रण दिलं की ती सवलत संपते. प्रत विकत घेतलेली डिस्क असावी. कुणाच्या तरी घरच्या खात्यावरून ऑनलाइन लावणं नियमात बसत नाही, आणि ऐन वेळी नेट गेलं तर हसं होतं. आपल्या बहुतेक हॉलची जमीन सपाट असते, त्यामुळे खालची पट्टी पुढच्यांच्या डोक्यांमागे जाते. पडद्याची खालची कड जमिनीपासून साडेचार फुटांवर घ्या, ते जमत नसेल तर व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये सबटायटलची जागा वर सरकवता येते. तिसऱ्या आणि शेवटच्या रांगेत स्वतः बसून एकेक दृश्य वाचून बघा. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर तो इन्व्हर्टरवर ठेवा. वीज गेल्यावर आतला पंखा थांबतो आणि तापलेला दिवा तसाच राहतो, त्यातून तो फुटतो किंवा त्याचं आयुष्य घटतं.

आणि ‘ब्लॅकबेरी’ लावलात तर शेवटच्या आठ-दहा मिनिटांसाठी एकाला कूलरच्या बोर्डापाशी उभं करा. आयफोन आलेला आहे, घाईघाईने केलेला स्टॉर्म हा टचस्क्रीन फोन चीनमधून बनून आलाय, खोक्यांच्या खोकी भरून. माइक एक फोन काढतो, कानाशी नेतो. तीच खरखर. मग तो बसतो आणि लाखोंमधला पहिला फोन उघडून दुरुस्त करायला घेतो. ती खरखर अगदी बारीक आहे, कूलर चालू असले तर मागच्या रांगांना ऐकू येत नाही. चारही कूलर त्याच्या आधी बंद व्हायला हवेत, आणि नावांची यादी सुरू होईपर्यंत दिवे लावू नका.